आधी घराणं, मग तार

नाना कोतवडेकरांनी मला खोली दाखवण्याआधी माझी परीक्षा घेतली. गाव कोणतं, कूळ कोणतं, मासे खाता की नाही, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मांडवीतल्या त्यांच्या घराच्या जांभ्याच्या पायऱ्या चढून मी ओटीवर आलो, ट्रंक अजून माझ्या डोक्यावरच होती, आणि झोपाळ्यावर बसलेले नाना म्हणाले,

"रिपोर्ट, सपोर्ट, ट्रान्सपोर्ट. तिघांचा मूळपुरुष कोण?"

तिन्ही शब्द मला ठाऊक होते. मूळपुरुष ठाऊक नव्हता. मी तसं सांगितलं.

"पी, ओ, आर, टी," नाना एकेक अक्षर मोजत म्हणाले. "ही चार अक्षरं तिघांच्याही पोटात आहेत की नाहीत? मग एका घरचे नव्हेत ते? तुमचं शिक्षण काय?"

"बी. ए."

नानांनी मान आत वळवली. "अगो, ऐकलंस काय? बी. ए. झालेत आणि पोर्टाचं घराणं ठाऊक नाही!"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "त्यांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवून घ्या. मान मोडेल त्यांची."

ट्रंक उतरली, खोली मिळाली, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'बी. ए.' पडलं. मी लांज्याकडच्या एका खेड्यातल्या कुणब्याचा मुलगा. आमच्या वाडीत अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मीच. ट्रंकेत दोन सदऱ्यांच्या मध्ये पदवीचा कागद घडी पडू न देता ठेवला होता. तो कुणी पाहायला मागेल असं मला वाटत होतं. शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा हेडमास्तरांनी तो पाहिला, एवढंच. नानांनी कधीच मागितला नाही.

ही एकोणीसशे पंचवीसनंतरच्या चार-पाच वर्षांतली हकीकत आहे. नाना तेव्हा साठीच्या घरात होते. अंगानं काटकुळे, घामाच्या धारा लागल्या तरी कोटाची सगळी बटणं लावलेली. बंदरावरच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली होती. तिथला एक गोरा साहेब बदली होऊन जाताना आपली जाडजूड डिक्शनरी टाकून गेला, ती नानांनी घरी आणली. पुढे डब्ल्यूनंतरचा भाग वाळवीनं खाल्ला. त्यामुळे नानांच्या हिशेबी इंग्रजी भाषा तिथेच संपत होती. त्यापुढचा एखादा शब्द मी विचारला की ते म्हणत, "तो वाळवीकडे गेला. पुढचा विचारा."

या डिक्शनरीवरून त्यांनी इंग्रजी शब्दांची घराणी लावली होती. कचेरीतल्या रद्द झालेल्या छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजू शिडाच्या दोऱ्यानं शिवून त्यांच्या वह्या केल्या होत्या. एका पानावर एक घराणं. वर मूळपुरुष, खाली मुलगे, जावई, दत्तक. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. त्याचा मुलगा इम्पोर्ट, आत आणणारा. एक्सपोर्ट बाहेर नेणारा. रिपोर्ट हा गेल्या ठिकाणाहून बातमी घेऊन परत येणारा. सपोर्ट खालून उचलून धरणारा. पोर्टर म्हणजे हमाल, "घराण्यात खरं काम करणारा हा एकटाच." बंदर या अर्थाचा पोर्ट हा चुलत घराण्यातला. आणि त्या चुलत घराण्यातला नानांचा सर्वांत लाडका शब्द अपॉर्च्युनिटी. "यातही तीच चार अक्षरं आहेत, नीट बघा. वारा बंदराच्या दिशेनं फिरला की शिडाच्या गलबताला जो आनंद होतो ना, बी. ए., त्याचं हे नाव. हे सांगायला मांडवीचा माणूस लागतो. पुण्याच्या माणसाला कप्पाळ कळणार?"

ज्यांच्यात अक्षरं तीच पण नातं नाही, अशांसाठी निराळी वही होती. तिच्यावर 'तोतये' असं लिहिलेलं होतं. तिच्या पहिल्या पानावर ई, ए, आर. म्हणजे कान. त्याच्या आधी एकेक अक्षर लावलं की होणारी भीती, आसू, जवळचा, लाडका अशी सगळी मंडळी तिथे उभी होती. "सगळ्यांच्या पोटात कान आहे, पण एकाचं एकाशी नातं नाही," नाना सांगत. "ऐकणं हा कानाच्या शेजारी राहतो, पण त्याचंही नातं सिद्ध झालेलं नाही. एका आडनावाची माणसं गावोगाव असतात, म्हणून काय सुतक लागतं?"

हे सगळं ते वहीत ठेवून गप्प बसले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण नाना गोंदू न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्याचा हात धरून घराणं सांगत. देवळात तीर्थ घेताना सांगत. समोरचा तुकोबा भंडारी माडावर चढलेला असताना खालून सांगत.

"नाना," तुकोबा वरून ओरडे, "माज्या माडाचा बी घराना हाय काय इंग्रजीत?"

"आहे! उतर खाली, सांगतो."

"मंग मी आज वरच ऱ्हातो!"

सगळी आळी हसे. नानाही हसत. आपल्याला लोक हसतात याचं त्यांना काहीच वाटत नाही, याचं मला फार नवल वाटे. मी स्वतः कुणी हसेल या भीतीनं चार वर्षं कॉलेजात तोंड उघडलं नव्हतं.

एकाच गोष्टीबद्दल मात्र आळीतलं कुणीही नानांसमोर विनोद करीत नसे. त्यांचा मुलगा सदू. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाला तेव्हा नाना भरल्या ओटीवर त्याला म्हणाले होते, "माझ्या घरात राहून तुला चार अक्षरं येत नसतील, तर या घरात राहतोस कशाला?" सदू त्याच आठवड्यात मुंबईला गेला आणि परदेशी जाणाऱ्या बोटीवर आगवाला म्हणून लागला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. मी राहायला आलो तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. एकही पत्र नव्हतं. नाना रोज टपाल फुटायच्या वेळेला "पाय मोकळे करून येतो" म्हणून पोस्टाकडे जात. बोटीच्या दिवशी छत्री घेऊन बंदरावर जात. बोट आत समुद्रात उभी राही आणि पडावातून माणसं किनाऱ्याला येत. शेवटचा पडाव रिकामा होईपर्यंत नाना तिथे उभे असत. घरी आले की काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, त्यांच्या तोंडाकडे एकदा बघत आणि पानं घेत. त्या कधी विचारीत नसत आणि नाना कधी सांगत नसत.

आता तारांविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तीच आहे.

मांडवीपासून खाली पूर्णगडापर्यंत घरटी एक माणूस बोटीवर नाही तर मुंबईत. तार यायची ती इंग्रजीत. तार म्हणजे कुणीतरी गेलं, अशी सगळ्यांची ठाम समजूत. त्यामुळे तारवाला गणू शिपाई वाडीत शिरला की तार फुटायच्या आधीच रडं सुरू होई. एकदा पूर्णगडाकडून सात-आठ माणसं ओल्या पंच्यांनी, सुतकाची आंघोळ करूनच नानांकडे आली. पुढं झालेल्या म्हाताऱ्यानं न फोडलेली तार नानांच्या हातात दिली.

"नाना, कंदी गेला, कसा गेला, येवडाच वाच. बाकीचा आमाला कळलाय."

नानांनी तार फोडली आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्यांनो, सारंग झालाय तुमचा पोर! बढती मिळाली त्याला! कोरडे व्हा आधी!"

मग त्या ओल्या माणसांना ओटीवर बसवून नानांनी प्रमोशनचं घराणं सांगितलं. एम, ओ, टी. हलणं. त्यातलाच मोटार, त्यातलाच रिमोट म्हणजे हलवून दूर ठेवलेला. ती माणसं गूळपाणी पीत ऐकत होती. कुणाचंही लक्ष नव्हतं, पण कुणी उठलंही नाही.

कधीकधी मात्र नानांची लहर फिरे. तार हातात, समोर माणसं जीव मुठीत धरून उभी, आणि नाना मजकूर न सांगता आधी घराणंच लावत. "ही पाहा तीन अक्षरं..." दहा-दहा मिनिटं. त्यांना कुणी थांबवूही शकत नसे, कारण तार त्यांच्या हातात. गोंदू न्हावी म्हणायचा, "मेलेल्याचं तेरावं झालं तरी नाना तार पुरी करायचे नाहीत."

आणखी एक नियम त्यांनी घालून ठेवला होता. स्वतःची तार स्वतः फोडायची नाही, मग तो कलेक्टर का असेना.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझी तार आली. माझे वडील पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईला थोरल्या भावाकडे गेले होते. शाळा सुटून मी पायऱ्या चढतो तो गणू ओटीवर उभा होता आणि नानांच्या हातात फोडलेली तार होती. मी हात पुढे केला. नानांनी तार मागे घेतली.

"बसा, बी. ए. त्या दिवशी तुम्हाला पोर्टाचं घराणं आलं नव्हतं. आज ते पुरं करू."

"नाना, माझी तार आहे ती."

"आहे ना. कुठे पळून जात नाही. बसा. पोर्ट म्हणजे वाहून नेणं..."

मला अजून त्या वेळचं सगळं आठवतं. पागोळ्यांचा आवाज. गणू गेला नाही, खांबाला टेकून तिथेच उभा राहिला. काकूंनी न मागता पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला. समोरचा तुकोबा पावसात डोक्यावर पोतं घेऊन सहज आल्यासारखा आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. नाना बोलतच होते. इम्पोर्ट आत आणणारा, एक्सपोर्ट बाहेर नेणारा. माझे कान तापले. मी ओरडलो, "नाना, वाचा!"

तेव्हा त्यांनी डोळे मिटून, घराणं अर्ध्यावर टाकून, दोन वाक्यांत सांगितलं. वडील आदल्या दिवशी सकाळी गेले होते. बोटी बंद होत्या. मला मुंबईला पोचता येणं शक्य नव्हतं. भावानं सगळं केलं होतं.

मी पडलो नाही. तुकोबाचा हात माझ्या खांद्यावर होता हे मला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो, कारण आईला सांगायला मलाच जायला हवं होतं. परत आलो तो मनात नानांबद्दल एक अढी घेऊन. बापाच्या मरणाचा कागद हातात धरून हा माणूस मला शब्दांची नाती शिकवत होता. मी खोली सोडली नाही, कारण काकूंनी त्या दिवसांत माझ्यासाठी अळणी जेवण वेगळं केलं होतं आणि ते मी विसरू शकत नव्हतो. पण नानांशी बोलणं तोडलं. ते झोपाळ्यावरून "काय बी. ए.?" म्हणत, मी "ठीक" म्हणून आत जाई. असं दिवाळीपर्यंत चाललं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आलो, त्यानंतर चार दिवसांनी गणू तार घेऊन आला. ओटीवर नाना होते, मी पायरीवर बसून मुलांच्या वह्या तपासत होतो.

"कुणाची रे?" नानांनी हात पुढे केला.

गणू म्हणाला, "नाना, तुमचीच हाय."

नानांचा हात तसाच राहिला. काकू दारात आल्या. मी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली: नानांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बी. ए., तुम्ही वाचा."

मी तार फोडली. मुंबईहून होती. सदाशिव शुक्रवारच्या बोटीनं येत होता. एवढाच मजकूर. सही त्याचीच.

मला आनंद झाला हे खरं. पण त्या आनंदात दुसरंही काही होतं ते मी लपवणार नाही. मला माझी तार आठवली. म्हटलं, बातमी गोड आहे, पाच मिनिटांनी काय बिघडतं? मला थांबवलंत ना, आता थोडं तुम्हीही थांबा. शिवाय त्यांच्याच रीतीनं सांगितलं तर ते खूश होतील असंही वाटलं. तारेत 'अराइव्ह' हा शब्द होता आणि त्याचं पान मी त्यांच्या वहीत पाहिलेलं होतं.

मी घसा साफ केला. "नाना, इथे तीन अक्षरं आहेत पाहा. आर, आय, व्ही. यातली पहिली रिव्हर. नदी. मग रायव्हल, म्हणजे एकाच पाटाचं पाणी लावणारे दोघे भाऊबंद..."

मी मान वर केली आणि थांबलो.

नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. समोरच्या माडावरून तुकोबा झरझर खाली उतरत होता. त्याला माझे शब्द ऐकू आले असणं शक्य नव्हतं, त्यानं फक्त दारातल्या काकूंना पाहिलं होतं. गणू खांबापाशी जाऊन उभा राहिला होता.

"पुरे, बी. ए.," नाना अगदी हळू म्हणाले. "समजलं. कसा गेला?"

"गेला? कोण गेला?" मी उठलोच. "अहो, येतोय! सदू येतोय शुक्रवारी! बोटीनं येतोय, नाना!"

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. मग नानांनी माझ्या हातातून तार घेतली, आपल्या नियमाविरुद्ध स्वतः वाचली, पुन्हा वाचली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून आत निघून गेले. काकू चौकटीतच खाली बसल्या. तुकोबा ओटीखाली धापा टाकत उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"मास्तर," तो म्हणाला, "असा करतत काय वो?"

"मी काय केलं?"

काकूंनी सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या.

"चांगली तार असली की ते लगेच सांगतात आणि घराणं मागून. वाईट असली की घराणं आधी. त्यांनी आधी घराणं काढलं की मी मागल्या दारानं जाते, तुकोबाला हाक मारते, बाई असली तर शेजारच्या दोघींना आणते. पाणी ठेवते. माणसं जमून जवळ बसली की मी ओटीवर येते. मला पाहिलं की मग ते सांगतात. आज मी कुणाला हाक मारायला जाणार होते?"

मी म्हणालो, "पण ते तर रस्त्यातही सांगतात. न्हाव्याकडे, देवळात..."

"नुसतं तारेच्या वेळी सांगायला लागले तर पहिल्या अक्षराला लोकांना कळेल की गेलं कुणीतरी. म्हणून सगळीकडे सांगायचं. लोक म्हणतात वेडं आहे, म्हणोत." मग त्या किंचित हसल्या. "पुढं ते त्यात खरंच रमले, ही गोष्ट निराळी. पहिल्यांदा माझाही जीव खात."

सुरुवात कशी झाली तेही त्यांनी सांगितलं. नाना बावीस वर्षांचे, नवे कारकून. पूर्णगडच्या एका कामाला निघाले होते, तर पोस्टातल्या कुणी त्यांच्याजवळ तिथली एक तार दिली. जिची तार होती ती बाई किल्ल्याखालच्या विहिरीवर एकटीच होती. नानांनी चार यत्ता इंग्रजीच्या उत्साहात तार वाचली आणि उभ्या उभ्या अर्थ सांगितला, की तुझा नवरा बोटीवरून पडून गेला. ती कातळावर कोसळली. हाकेच्या टप्प्यात कुणी नव्हतं. परक्या बाईला हात लावावा की नाही हे नानांना कळेना. ते कागद हातात धरून उभे राहिले. कुणी येईपर्यंत बराच वेळ गेला.

"ती वाचली," काकू म्हणाल्या, "पण ते अजून झोपेत दचकतात."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पूर्णगडची विहीर नव्हती. माझी आई होती. तिला मी कसं सांगितलं हे मी त्या दिवसापर्यंत कुणापाशी बोललो नव्हतो. मी थेट शेतावर गेलो होतो. ती खालच्या चोंढ्यातल्या भातखाचरात एकटीच लावणी करत होती. बाकीच्या बाया वरच्या अंगाला होत्या. मला पाहून ती हसली, म्हणाली, "आलास? बापूस कसा हाय?" मी बांधावरूनच सांगितलं. पदवीधर माणसासारखं, स्पष्ट, एका वाक्यात. ती हातातल्या रोपांसकट चिखलात बसली आणि मी बूट काढायला लागलो, कारण चिखलात उतरायचं होतं. बूट काढायला मला किती वेळ लागला हे मी जन्मभर विसरणार नाही.

नानांच्या ओटीवर मात्र मी पडलो असतो तर तुकोबाच्या हातावर पडलो असतो.

संध्याकाळी मी झोपाळ्यापाशी गेलो. नाना समुद्राकडे बघत बसले होते. मी म्हणालो, "नाना, पावसाळ्यात मी तुमच्याशी..."

"पोर्टाचं घराणं त्या दिवशी अर्धं राहिलं," ते म्हणाले. "एक्सपोर्टपर्यंत आलो होतो. बसा."

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं घराणं शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

शुक्रवारी आम्ही सगळे बंदरावर होतो. नाना छत्री उघडून उभे, उन्हाचा पत्ता नसताना. दुसऱ्या पडावातून सदू उतरला. काळवंडलेला, हातांवर भाजल्याचे डाग, बापाहून वीतभर उंच. वाळूत वाकून तो पाया पडला. नाना काय बोलणार म्हणून मी कान देऊन होतो. मला वाटलं, निदान एखादा शब्द तरी विचारतील.

"जेवलास?" नाना म्हणाले.

"न्हाय," सदू म्हणाला. बोटीवरच्या मंडळींत राहून त्याची भाषा तुकोबासारखी झाली होती. नानांनी ती सुधारली नाही. त्याच्या डोक्यावर छत्री धरून ते घराकडे चालू लागले. छत्री पुरत नव्हती म्हणून टाचा उचलून.

सदू परत बोटीवर गेला नाही. बंदरावरच्या मचव्यांची आणि लहान यंत्रांची दुरुस्ती करू लागला. संध्याकाळी नाना त्याला वह्या वाचून दाखवत. तो कोळशानं कायमच्या काळ्या झालेल्या नखांकडे बघत मान डोलवी. त्यातलं त्याला किती समजत होतं, देव जाणे. पण तार घेऊन कुणी आलं की काम टाकून तो ओटीवर येऊन बसायचा. नानांनी आधी घराणं काढलं की काकूंच्या आधी तोच उठे आणि मागल्या दारानं बाहेर पडे.

पुढे माझी राजापूरला बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली. नानांची कार्डं येत, त्यांत खुशालीची एक ओळ आणि बाकी सगळा एखादा नवा शब्द.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका दुपारी सदू माझ्या दारात उभा राहिला. मोटारीच्या लाल धुळीनं भरलेला. मी म्हणालो, "अरे, ये, ये! अचानक? नाना कसे आहेत?"

तो बाकावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घरात मी एकटाच आहे का, हे त्यानं इकडेतिकडे बघून घेतलं, आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज ऐकला तेव्हा त्याला जरा धीर आला.

"मास्तर," तो म्हणाला, "ती चार अक्षरं असतात ना. पी, ओ, आर, टी..."

मी समजलो. बायकोला हाक मारली आणि पाण्याचा तांब्या घेऊन इथे येऊन बस म्हणून सांगितलं. ती पदराला हात पुसत आली आणि काही न विचारता माझ्याजवळ बसली.

"सांग, सदू," मी म्हणालो. "सावकाश सांग."

तो जमिनीकडे बघत, एकेक शब्द आठवून, मूळपुरुषापासून सांगू लागला. इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस. रिपोर्टच्या जागी त्यानं सपोर्ट घातला आणि हमालाला विसरला. मी चुका काढल्या नाहीत. त्याचं घराणं पुरं होईपर्यंत ऐकत राहिलो.